भागीरथीची चार मिनिटं

कॉम्प्युटरनं भागीरथीची चार मिनिटं कापली, आणि मला ती परत हवी होती. गोष्ट एवढीच आहे. पण ती कशी होती ते सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही की एक म्हातारा माणूस चार मिनिटांसाठी एवढा का अडून बसला.

भागीरथी माझी बायको. गेल्या भाद्रपदात गेली.

मी लिहिणारा माणूस नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. सुजाता म्हणाली, "नाना, तुमी बोलता तसंच लिवा, बाकीचं मी बघतंय." सुजाता आमच्या गावची सून. अंगणवाडी चालवते, बायकांचा गट चालवते, आणि गावातला एकुलता एक धड लॅपटॉप तिच्याकडे आहे. तेव्हा कुठं चुकलं तर तिला बोला.

आमचा गाव खारेपाटात. अलिबागहून पेणकडे निघालात की डाव्या हाताला खाडीच्या बाजूनं जी सपाट जमीन दिसते ती आमची. भरतीचं पाणी वर आणि शेतं खाली, मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर गाव आहे. मोठ्या उधाणाला बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड पडली. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही. म्हणून खांड पडली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर, असा रिवाज. हातोहात चिखल द्यायचा आणि भरती यायच्या आत भोक बुजवायचं.

त्यासाठी सभा लागते, आणि सभेला बोलावणं लागतं. हे बोलावण्याचं काम आमच्या घराकडं होतं. बाप थकला तेव्हा ते माझ्याकडं यायचं होतं. पण माझं तोंड फाटकं. मी कुणाच्या दारात गेलो तर सभा राहायची बाजूला, भांडण व्हायचं. भागीरथी म्हणाली, "अवो, तुमी घरी बसा. मी जातंय."

बाईमाणूस बोलावणं करते म्हणून चार तोंडं वाकडी झाली. तिनं पारावरच विचारलं, "खांड पडली तर पानी काय बाई बघून थांबतं?" त्या दिवसापासून काम तिचं.

तिची रीत अशी. बोलावणं गावातून सुरू करायचं नाही, टोकाच्या घरापासून सुरू करायचं. टोकाचं घर म्हणजे हिरूचं. गावापासून लांब, थेट बांधाला चिकटून, उघाडीच्या अलीकडं. उघाडी म्हणजे बांधातलं दार, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. एवढं लांब आधी चालत जायचं, हिरूला सांगायचं, आणि मग एकेक घर करत गावात यायचं. आणि सभा कधी सुरू करायची? हिरू येऊन बसला की. माझ्या बापानंही हे पाळलेलं, पण कारण सांगितलं नव्हतं. कारण हिनं सांगितलं. "पानी पयलं त्याच्या चुलीत जातं. मंग बोलनं पयलं कुनाचं?"

सभेच्या दिवशी कळशी आणि तांब्या घेऊन ती दारात उभी राहायची. येईल त्याला पाणी. शत्रू आला तरी पाणी. स्वतः मात्र घोट घ्यायची नाही. हिरू आला, त्याच्या हातात तांब्या दिला, त्यानं प्यायलं, की मग उरलेलं ही प्यायची. मी कितीदा तरी म्हटलं, अगं घसा सुकला तुझा, पी. "आला म्हंजे पीन," म्हणायची. देवाचा उपास केल्यासारखं करायची, पण देवाचं काही नव्हतं त्यात.

एकदा नवा सरपंच आला. शिकलेला, मनगटावर घड्याळ. समाजमंदिरात माईक लावला आणि वेळेवर सुरू केलं. "ग्रामस्थ बंधू-भगिनींनो..." भागीरथी उठली आणि भिंतीवरचं बटण बंद करून परत आपल्या जागी बसली.

"काकी, आवो, कोरम झालाय!"

"तुझा कोरम झाला. माझा हिरू न्हाय आला."

"एका माणसासाठी सगळ्यांनी खोळंबायचं?"

"त्याच्या घराला पाय फुटले तर जवळ येईल तो. न्हायतर आपनच थांबू."

लोक हसायला लागले. सरपंच माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मी हिला आवरू शकतो. अर्धा तास गेला. हिरू आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात खेकडा. म्हणाला, "वैनी, उशीर झाला. उघाडीशेजारी खेकड्यांनी बिळं पाडलीत, बांधातून पानी झिरपतंय. पाय लावून बघत व्हतो." सभेचा विषय राहिला बाजूला. सगळे घमेली घेऊन गेले. उन्हं कलायच्या आत बिळं बुजवली. दुसऱ्या दिवशीचं उधाण बांधावर आपटून परत गेलं. सरपंच पुढं कायम विचारून सुरू करायचा, "काकी, हिरूकाका आले का?"

अशा या बाईला एकदा मुंबईला मोठ्या परिषदेला नेलं. खाऱ्या जमिनींवर काम करणारी परदेशातली एक संस्था होती. त्यांच्या मुंबईच्या एक ताई आमच्या बांधावर यायच्या, माती बघायच्या. त्या म्हणाल्या, भागीरथीबाईंना घेऊन जाते, देशोदेशीची तुमच्यासारखीच माणसं येणार आहेत. मी म्हटलं, ही तिथं काय करणार? ताई म्हणाल्या, बोलणार. मी म्हटलं, मग न्या.

तीन दिवसांनी आली. मी विचारलं, काय बघितलंस? मला वाटलं हॉटेल सांगेल, लिफ्ट सांगेल. तर म्हणाली, "काचेच्या पेटीत एक बाई बसलेली."

हॉलच्या मागं काचेची खोली होती. त्यात बसलेली बाई साहेबलोकांचं बोलणं ऐकून लगेच मराठीत सांगायची. हिच्या कानाला यंत्र लावलेलं, त्यातून त्या बाईचा आवाज यायचा. हिनं सकाळभर ऐकलं. दुपारी सगळे जेवायला गेले, ही पाण्याचा ग्लास घेऊन काचेच्या खोलीत शिरली. "बाय, सकाळधरनं माझ्या कानात बोलतेस. घसा सुकला असंल." ती बाई म्हणे रडायलाच लागली. इतक्या वर्षांत कुणी आत आलं नव्हतं. हिनं पिशवीतली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. दोघी काचेच्या पेटीत बसून जेवल्या. परदेशी पाहुणे बाहेरून बघत होते.

"आनि परिषद?"

"चांगली व्हती. पन सगळे जवळचेच आलेले."

"अगं, जगभरातनं आलेले ना?"

"जवळचे म्हंजे ज्यांना येता येतं ते. दोन खुर्च्या रिकाम्या व्हत्या. पाटीवर नावं लिवलेली, मानूस न्हाय. ताईंना इचारलं, तर म्हनाल्या, कागद झाले न्हाईत त्यांचे. परवानगी न्हाय मिळाली. दोघंबी नदीच्या तोंडावरचे, ज्यांचं गाव बुडतंय ते. तेच न्हाईत. मंग सभा कसली ती?"

तीन दिवसांत तिनं त्या दोन रिकाम्या खुर्च्या लक्षात ठेवल्या. आपल्या नावाची पाटी आणली होती, ती पाटी तिनं फळीवर देवांच्या शेजारी लावली. वाचता येत नव्हतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून दाखवायची, "हे माजं नाव."

मग रोगराईचा काळ आला, विमानं बंद झाली, आणि त्या परिषदा कॉम्प्युटरवर गेल्या. ताईंचा सुजाताला फोन आला. सुजातानं अंगणवाडीत लॅपटॉप मांडला. मी नको म्हणत होतो. माझं म्हणणं असं की माणूस समोर नसताना बोलायचं हे भिंतीशी बोलण्यासारखं. भागीरथीनं माझं ऐकलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, बरं झालं नाही ऐकलं.

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी तिनं सुजाताला विचारलं, "यातलं टोकाचं घर कुठलं?"

"म्हंजे काय काकी?"

"सगळ्यात लांब कोन? ज्याला यायला सगळ्यात तरास तो?"

सुजातानं फोन करून विचारलं. आफ्रिकेत एक म्हातारा होता, नदी समुद्राला मिळते तिथला. भातशेतीच करणारा, मातीचे बांध घालणारा. मुंबईतल्या त्या दोन रिकाम्या खुर्च्यांपैकी एक त्याची! त्याच्या गावात फोन लागायचा नाही. टेकाडावर पाण्याची टाकी होती, तिथं चढून गेलं तर लागायचा. भागीरथी म्हणाली, "मंग पयलं बोलावनं त्याला." आणि सुजाताच्या फोनमध्ये आवाज भरला. "सभा हाय होऽऽ! उद्या! हातातलं टाकून या होऽऽ!" तो आवाज आधी त्याला पाठवला. मग त्याच्या अलीकडच्याला. मग त्याच्या अलीकडच्याला. असं देश-देश करत शेवटी मुंबईच्या ताईंना. एका अक्षराचा अर्थ कुणाला कळला नसेल. पण दुसऱ्या दिवशी म्हणे पहिल्यांदाच सगळे वेळेवर हजर. पुढं ही पद्धतच पडली. सभा चालवणाऱ्या परदेशी बाई, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्या कागदपत्र पाठवायच्या, पण लोक वाट बघायचे भागीरथीच्या हाळीची.

आफ्रिकेतल्या म्हाताऱ्याचं नाव आमच्या जिभेवर बसेना. ही त्याला 'टोकावरचा' म्हणायची. पडद्यावर चौकटी असतात, एकेका चौकटीत एकेक माणूस. त्याच्या चौकटीत निम्मं आभाळ आणि निम्मं त्याचं कपाळ दिसायचं. वारा सुटला की आवाज जायचा. एकदा दोघांचं मातीवरून लागलं. तो म्हणाला, आमची माती चिकट, तुमच्यापेक्षा चांगली. ही म्हणाली, थांब. बाहेर गेली, चिखलाचा गोळा घेऊन आली आणि पडद्यासमोर धरला. आता गंमत बघा. पाठीमागची मोडकी फळी दिसू नये म्हणून सुजातानं कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं, माणूस तेवढा दाखव, बाकीचं पुसून टाक. तर कॉम्प्युटरनं चिखल पुसला. हिचा हात दिसायचा, हातात काही नाही.

"दिसला का?" ही विचारतेय.

तिकडून तो म्हणतोय, "हात रिकामा आहे."

"अगं बाय, पाव शेर चिखल हाय हातात!"

सुजातानं धावत येऊन ते पुसणं बंद केलं. चिखल दिसला, मोडकी फळी दिसली, बनियनवर बसलेला मीही दिसलो. टोकावरच्यानं डोळे बारीक करून बघितलं आणि मान हलवली. त्याचं म्हणणं पडद्याच्या खाली मराठीत उमटलं. मी एकेक अक्षर लावून तिला वाचून दाखवलं, कारण वाचायचं काम माझं होतं. "मा-ती चां-ग-ली आ-हे." ही एवढी खूष झाली, जसं काही पोरीची सोयरीक जमली.

पुढं वाचायचं कामही गेलं. कॉम्प्युटरच मराठीत बोलायला लागला. बाईच्या आवाजात, अडखळत नाही, खोकत नाही. एकदा सभा संपल्यावर भागीरथी त्या आवाजाच्या दिशेनं बघत बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "चांगली बोलते. पन हिला तहान लागत न्हाय." मला वाटतं तिला काचेतली बाई आठवली. ती आता काय करत असेल, असं मला दोनदा विचारलं. मला काय माहीत.

मग तिची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा अलिबागला मशीनवर. गाडीत मागं बसायची, खिडकीला डोकं लावून. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. दिवसाला एवढंच. जिनं जन्मभर दारात उभं राहून लोकांना पाणी विचारलं, तिच्या उशाशी एक पेला, आणि तेवढ्यात सकाळची संध्याकाळ करायची. ती ओठ ओले करायची फक्त. चिडायची नाही. मी चिडायचो. कुणावर ते मला माहीत नाही.

बोलावणं आता चालत जाऊन होईना. त्यातच हिरूच्या घराशेजारी मोठी खांड पडली. पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत. कुणी ट्रकवर, कुणी कंपनीत, कुणी पनवेलला. दहा-पंधरा म्हातारे घमेली घेऊन गेलो, पण त्यानं काय होतंय? दोन पावसाळे आमच्या शेतात भात नाही. हिरूच्या घरात भरतीला पाणी. तिथं दगड आणि यंत्र लागणार, आणि ती संस्था म्हणाली की पहिल्या वर्षी एकाच जागेचं काम हाती घेऊ. सगळ्या गावांचं म्हणणं मोठ्या सभेत ऐकू. प्रत्येकाला पाच मिनिटं.

गावानं ठरवलं, भागीरथीनं बोलायचं. दुसरं नाव कुणी घेतलंच नाही. अंगणवाडीपर्यंत चालवत नव्हतं म्हणून सुजातानं लॅपटॉप आमच्या घरी आणला. दुपारची वेळ. हिनं धुतलेलं पातळ नेसलं. पेला शेजारी ठेवला. आठवडाभर तयारी चालली होती. हिरूचं सांगायचं, खांडीचं सांगायचं, दोन पावसाळ्यांचं सांगायचं. मला म्हणाली, "तुमी शेजारी बसा. पन बोलू नका." मी बसलो.

सभेत माणसं खूप. पडदा भरून चौकटी. आमची पाळी आली. मोठ्या बाईंनी नाव घेतलं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चालायला लागलं. पाच मिनिटं आणि खाली खाली.

भागीरथीनं सगळ्या चौकटींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "टोकावरचा आला न्हाय. थांबा."

त्याची चौकट काळी होती. नुसतं नाव. सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. मोठ्या बाई कॉम्प्युटरच्या आवाजात म्हणाल्या की ते नंतर आले तर बघू, आपण सुरू करावं. ही म्हणाली, "येईल तो." आणि गप्प बसली.

घड्याळ चाललंय. एक मिनिट गेलं. दाराबाहेर बायका उभ्या, हिरू उभा. सुजाता माझ्याकडं बघतेय. मला राहवेना. मी ओरडलो, "अगं बोल की! वेळ चाललाय! त्याच्या पायी आपलं घालवतेस काय? बोल!"

नाही बोलली. चार मिनिटं ती बाई तशीच बसली. एक मिनिट उरलं तेव्हा काळ्या चौकटीत आभाळ दिसलं, मग कपाळ. तो टाकीवर चढून धापा टाकत होता. हिनं हात वर केला. "ह्याला बोलू द्या. माजं उरलेलं ह्याला द्या."

त्यानं सांगितलं. त्या पहाटे त्याच्या गावाचा बांध गेला होता. तो पाण्यातून चालत टाकीपर्यंत आला होता. मिनिट संपलं, पण मोठ्या बाईंनी घड्याळ थांबवलं आणि तो बोलत राहिला. पहिल्या वर्षीचं काम त्याच्या गावाला गेलं.

आमचा गाव तिला काही बोलला नाही. हिरू तर म्हणाला, "वैनी, बरोबर केलंस." बोललो तो मी. म्हणजे बोललोच नाही. दोन दिवस तिच्याशी शब्द काढला नाही. मशीनवर नेलं, आणलं, पेल्यात पाणी ओतलं, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "अवो, हिरू न्हाय आला तर कधी सभा केली का मी? मंग तितं कशी करू?" मी म्हटलं, "गप झोप." एवढंच म्हटलं. नंतर बोलणं सुरू झालं, जेवणखाण, औषध, गाडी. पण त्या दुपारचं परत निघालं नाही. महिन्याभरात ती गेली.

तेराव्यानंतर सुजाता लॅपटॉप घेऊन आली. संस्थेनं सभेचं चित्रण पाठवलं होतं. म्हणाली, "नाना, काकी दिसतील." मी चष्मा पुसून बसलो.

भागीरथी दिसली. म्हणाली, "थांबा." "येईल तो." आणि लगेच माझा आवाज. "अगं बोल की! वेळ चाललाय!" आणि लगेच आभाळ, कपाळ, टोकावरचा.

मी म्हटलं, "मधलं कुठं गेलं?"

सुजातानं मागंपुढं करून बघितलं. म्हणाली, "नाना, हे आपोआप होतं. जितं कुनी बोलत न्हाय ते कॉम्प्युटर रिकामं धरतो आनि कापतो. बघनाऱ्याचा वेळ वाचतो."

सोबत एक कागदही होता, तोही कॉम्प्युटरनंच काढलेला. कोण काय बोललं त्याचा सारांश. आमच्या नावापुढं लिहिलेलं, मी स्वतः अक्षर लावून वाचलं, 'कोणताही मुद्दा मांडला नाही.'

माझा ओरडा ठेवला आणि तिचं थांबणं कापलं. माणूस गेल्यावर एवढंच राहायचं? जगात कुणी कधी बघितलं तर काय दिसणार? एक बाई, आणि तिच्यावर खेकसणारा नवरा. मी सुजाताला म्हटलं, "त्यांना लिही. मला ती चार मिनिटं पाहिजेत. फुकट पाहिजेत, भीक म्हणून पाहिजेत, कशी पण पाहिजेत."

"नाना, त्यात काय न्हाय. नुसत्या गप्प बसल्यात."

"तेच पाहिजे."

तिनं लिहिलं. उत्तर येईना. परत लिहिलं. मी रोज सकाळी अंगणवाडीच्या पायरीवर जाऊन बसायला लागलो. पोरं मला खिचडी द्यायला लागली. शेवटी मोठ्या बाईंचं पत्र आलं. मूळ चित्रण आणखी आठच दिवसांनी आपोआप पुसलं जाणार होतं, पण अजून होतं, आणि त्यांनी ते सबंध पाठवलं. खाली दोन ओळी होत्या, की आता त्यांच्या सभेत सुरुवातीला विचारतात, सगळ्यात लांबचा माणूस आला का. आणि तो कागद त्यांनी बदलला होता. आमच्या नावापुढं आता होतं, 'वाट पाहिली.'

मला कॉम्प्युटर आवडत नाही. पण टाकीवरच्या त्या माणसाला कुठल्या परवानगीवाचून सभेत आणलं ते त्यानंच, हे मी नाकारत नाही. काचेतल्या बाईची खुर्ची त्यानंच काढली, हेही तेवढंच खरं. आमचं नाव पुढच्या यादीत आहे म्हणतात. माझा यादीवर विश्वास नाही. दिवाळीनंतर सुजातानं आणि बायकांनी हिरूच्या दारापासून बोलावणं सुरू केलं. पनवेलहून पण माणसं आली. खांड निम्मी बुजली आहे.

ते सबंध चित्रण सुजातानं माझ्या फोनमध्ये घालून दिलंय. ओटीवर उजेड असतो तेव्हा मी बघतो.

ती म्हणते, "येईल तो." मग काही नाही. पदर सारखा करते. काळ्या चौकटीकडं बघते. पेला उचलते, ओठाशी नेते, पीत नाही, परत ठेवते. माझा ओरडा येतो. ती माझ्याकडं वळते. मला वाटलं होतं रागानं बघितलं असेल. नाही. हसते. बारीक, पोरं हट्ट करतात तेव्हा आई हसते तसं. आणि तिचा डावा खांदा खाली झुकतो. हात चौकटीत दिसत नाही. हात कुठं गेला ते जगात मला एकट्याला ठाऊक आहे. माझ्या गुडघ्यावर. मी विसरलोच होतो, रागात होतो ना. उरलेला सगळा वेळ तो खांदा तसाच झुकलेला आहे. म्हणजे हात तिथंच होता.

मग आभाळ दिसतं. तिचा चेहरा उजळतो.

"आला," म्हणते, आणि पेला उचलून एक घोट पाणी पिते.